माळ्यावरचा गादीवाला

महाडच्या बाजारपेठेत पाऊस कधी पडणार हे हवामान खातं सांगतं, नदी कधी चढणार हे नगरपालिकेचा भोंगा सांगतो, आणि माल कधी उचलायचा हे ‘सुखनिद्रा गादी भांडार’ सांगतं. तिघांपैकी शेवटच्यावर लोकांचा विश्वास जास्त. साडी भिजली तर वाळवून अर्ध्या भावात जाते, भांडं भिजलं तर पुसून ठेवता येतं. पण कापूस एकदा पाणी प्यायला की उचलायला माणसं पुरत नाहीत आणि टाकायला जागा सापडत नाही. म्हणून गादीवाला सगळ्यांच्या आधी घाबरतो. त्याची शिडी माळ्याला लागली की समोरचा साडीवाला उठतो, मग चपलावाला, मग किराणावाला, आणि हातातला चहा थंड व्हायच्या आत सगळी गल्ली आपापल्या दुकानाच्या डोक्यावर जाऊन बसते.

कमलाकर या दुकानात वाढला असं लोक म्हणतात. खरं म्हणजे तो दुकानाच्या पायरीवर वाढला.

त्याच्या वडिलांना, अण्णांना, एका गोष्टीचा अभिमान होता. मुलाला त्यांनी कधी हात लावला नाही. हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि ते खरंच होतं. मारायला लावला नाही, तसा जवळ घ्यायलाही लावला नाही. आई मागच्या खोलीत उशांच्या खोळी शिवत असे आणि तिचा आवाज शिलाई मशीनच्या आवाजाच्या वर कधी गेला नाही. आषाढ लागला की अण्णा कमलाकरला पायरीवर उभं करत. सावित्री आणि गांधारी या नद्या एकदम फुगल्या की पाणी गल्लीत मागच्या अंगाने शिरतं, आणि शिरताना अजिबात आवाज करत नाही. आत अण्णा गाद्या माळ्यावर चढवत आणि मधूनमधून ओरडत, “किती आलं?”

“खालची पायरी बुडली!” कमलाकर ओरडे.

“आता किती आलं?”

“मधली ओली झाली!”

वडिलांनी त्याला लहानपणी विचारलेला हा एवढाच प्रश्न. जेवलास का, शाळेत काय झालं, भीती वाटते का, असल्या प्रश्नांची त्या घरात पद्धत नव्हती. कमलाकरला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एकच प्रश्न विचारला जात असेल तर त्याचं उत्तर चोख द्यावं, एवढंच त्याला कळत होतं.

नऊ वर्षांचा असताना त्याचं चुकलं. त्या दिवशी गढूळ पाण्यावरून एक लाकडी पाट तरंगत आला आणि त्या पाटावर एक कोंबडा उभा होता. मान ताठ, तुरा लाल, जणू गल्लीची पाहणी करायला निघालेला अधिकारी. कमलाकर त्याच्याकडे बघतच राहिला. कोपऱ्यावर वळताना कोंबड्याने एकदा आरवूनही दाखवलं. कमलाकर हसला, आणि खाली बघितलं तेव्हा उंबरा ओला झाला होता. आत लग्नाच्या ऑर्डरच्या गाद्या खालच्या थरात होत्या. त्या सगळ्या भिजल्या.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी फक्त बोलणं थांबवलं. पुन्हा बोलले ते गणपतीत, पूजेला बसताना, आणि तेव्हाही “पाट दे” एवढंच बोलले.

त्यानंतर कमलाकरला एक सवय लागली ती लागलीच. काही चांगलं दिसलं, काही छान वाटलं, की तो आधी पायाखाली बघायचा. त्याच्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि नवरदेव आपल्या बुटांकडे. मुलगी झाली तेव्हा नर्सने इरावतीला त्याच्या हातात दिलं, तर त्याने आधी दवाखान्याची फरशी तपासली. नर्सला वाटलं काही सांडलंय. तिने पुसायला बाई बोलावली.

आणखी एक रीत त्या घरात होती. गादीवर कुणी झोपायचं नाही. गादी हा माल. सगळे चटईवर. त्याची बायको अंबिका महाडजवळच्या नाते गावची; लग्न ठरलं तेव्हा तिच्या मैत्रिणींनी तिला चिडवून जीव नकोसा केला होता, की बाई आता कापसात लोळणार. पहिल्याच दिवशी सासूने तिच्या हातात चटई दिली. “आमच्याकडे गुरांना पण खाली पेंढा असतो,” असं अंबिका पुढे कित्येक वर्षं, सासू गेल्यावरही, म्हणत राहिली, पण अण्णांच्या देखत नाही.

एकवीस सालच्या महापुरात सगळी बाजारपेठ धुऊन गेली. कमलाकरचं मात्र काही गेलं नाही. त्याने गाद्या रात्रीच उचलल्या होत्या, अंधारात त्याची शिडी कुणाला दिसली नाही; अण्णांना आणि घरच्यांना त्याने शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर नेलं होतं. आणि पाणी ओसरल्यावर, लोक चिखल उपसत असताना, तो एकदम बसला. उठेना, जेवेना, बोलेना. ज्यांचं सगळं गेलं होतं ते भेटायला आले आणि गोंधळले. “अरे, तुझं तर सगळं वाचलं!” हे वाक्य त्याला इतक्यांदा ऐकवण्यात आलं की वाचल्याबद्दल त्याला शरम वाटू लागली. शेवटी अंबिकेने त्याला दूरच्या एका डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, दिवाळीपर्यंत तो गल्ल्यावर बसायला लागला. अण्णांनी विचारलं, “झालं?” तो म्हणाला, “झालं.” आणि त्याच दिवशी त्याने गोळ्या बंद केल्या. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिल्यावर पुढे काही चालू ठेवणं त्याला बरोबर वाटलं नाही.

ते दुखणं परत आलं ते काही वर्षांनी, माघात. आकाश काचेसारखं स्वच्छ, आंब्याला मोहोर, नदीत गुडघाभर पाणी. एका सकाळी दुकान उघडल्यावर कमलाकरला वाटलं की छातीत पाणी चढतंय. खालची पायरी, मधली पायरी. त्याने शिडी लावली, जागा करायला एक गादी बाजूला सारली, आणि तो माळ्यावर जाऊन आडवा झाला. गाद्यांवर नाही. दोन थप्प्यांच्या मधे, उघड्या फळ्यांवर. रस्त्याकडे एक छोटी खिडकी होती तिच्याकडे पाठ करून.

समोरच्या साडीवाल्या राजेशने शिडी बघितली, हलणारी गादी बघितली, मग वर आकाशाकडे बघितलं. आकाशात एक घार होती.

“गादीवाला चढला,” तो शेजारच्या चपलावाल्याला म्हणाला.

“माघात?”

“मी काय सांगू? चढला.”

“ऊन पडलंय, राजेशभाई.”

“एकवीस साली तरी आदल्या दिवशी कुणाला काय कळलं होतं?”

महाडात या वाक्याला कुणापाशीच उत्तर नसतं. चपलावाल्याने पहिली पेटी उचलली. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीचा माल माळ्यांवर गेला. किराणावाल्याने साखर भावाच्या घरी बिरवाडीला पाठवली. इस्माईलचा टेंपो भर उन्हात फेऱ्या मारत होता आणि इस्माईल प्रत्येक फेरीला विचारत होता, “अरे पण कसलं पाणी? कुठलं पाणी?” लोक त्याला दबक्या आवाजात सांगत, “वरून काहीतरी सोडणार आहेत.” वर कुठे, कोण, काय सोडणार, हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेठेतली जलवाहिनी फुटली. काही कारण नाही, जुनी होती, फुटली. पाणी गल्लीतून उसळत आलं आणि सगळ्या दुकानांचे उंबरे ओलांडून आत गेलं. माल वर होता. कुणाची एक चप्पल भिजली नाही.

संध्याकाळी राजेश नारळ आणि हार घेऊन आला. मागे अर्धी गल्ली.

“वहिनी, ह्यांना कळलं कसं?”

“त्यांना काही कळलेलं नाही,” अंबिका म्हणाली. “त्यांना बरं नाही.”

“तेच म्हणतो मी. बरं नाही म्हणूनच कळलं.”

“अहो भाऊजी, हे आजारपण आहे. एकवीस साली झालं होतं तेच.”

“एकवीस साली!” राजेशने मागे वळून सगळ्यांकडे बघितलं. “ऐकलंत?”

खाली खुर्चीवर अण्णा बसले होते. आता त्यांना दिसतही धड नव्हतं, पण ऐकू खणखणीत येत होतं. ते काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, “माझा मुलगा आहे. पायरीवर तयार केलाय मी त्याला.”

माळ्यावर, फळ्यांवर, कमलाकरने हे ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांनी चारचौघांत त्याला आपला म्हटलं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याला इतकं बरं वाटलं, की सवयीने त्याने पायाकडे बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. खाली उतरायचं त्या क्षणी त्याच्या मनात आलं होतं. ते त्याने रद्द केलं. उतरलो तर मी पुन्हा कोण?

अंबिका जेवणाचं ताट शिडीवरून वर देत राहिली आणि अर्धंमुर्धं परत घेत राहिली. शेवटी तिने इस्माईलला बोलावलं. इस्माईल कमलाकरचा शाळेपासूनचा दोस्त. तो शिडीच्या अर्ध्यावर चढून म्हणाला, “कमल्या, उतर.”

“नको रे.”

“पोलादपूरला एक डॉक्टरीण येते. दर गुरुवारी. माझ्या मेहुणीला गुण आलाय.”

“नको.”

इस्माईल शिडीचा एक दांडा खाली उतरला. मग आवाज बदलून म्हणाला, “पोलादपूरला डबल गादी द्यायचीय. गिऱ्हाईक खोळंबलंय. माल तू स्वतः नीट पोहोचवणार की मी बांधू कसाही?”

कमलाकर उठून बसला. “दोरी मधे बांधू नको, कापूस सरकतो,” तो म्हणाला, आणि गादीच्या पाठोपाठ शिडी उतरला. तो उतरतोय हे त्याला स्वतःलाही खाली आल्यावर कळलं. टेंपोच्या मागे गादीला धरून तो पोलादपूरपर्यंत गेला. तिथे गिऱ्हाईक वगैरे कुणी नव्हतं; टेंपो थांबला तो डॉक्टरणीच्या दारात.

डॉक्टर दीक्षा आपला दवाखाना एका दाताच्या दवाखान्यात चालवत. गुरुवारी दातवाले सुट्टीवर असत, ती जागा यांना मिळे. त्यामुळे बाहेरच्या पाटीवर मोठी दाढ होती, आणि आत बसलेले सगळे, कुणी ओळखीचं आलंच तर, गालाला हात लावून बसलेले. महाडचे लोक इथे येत, कारण महाडात कुणी बघेल. ही अक्कल सगळ्या महाडला एकदमच सुचली होती. कमलाकर आत शिरला तर समोर त्याच्या गल्लीचा निम्मा भाग गाल धरून बसला होता. कोपऱ्यात राजेश.

राजेशने घाईघाईने दुसरा गाल धरला.

“दाढ,” तो म्हणाला.

“माझी पण,” कमलाकर म्हणाला.

“वरची का खालची?”

कमलाकरने विचार केला. “छातीतली.”

राजेश हसला नाही. त्याने गालावरचा हात काढून मांडीवर ठेवला, आणि नंबर येईपर्यंत दोघं नुसते शेजारी बसले.

डॉक्टर दीक्षा तरुण होत्या. त्या दाताच्या खुर्चीशेजारी एका स्टुलावर बसत. रुग्ण खुर्चीत, वर मोठा दिवा. “कसं वाटतंय?” त्यांनी विचारलं.

“मधल्या पायरीपर्यंत आलंय,” कमलाकर म्हणाला.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी पायरीबद्दल विचारलं, आणि त्याने सांगितलं. कोंबड्याचंही सांगितलं. कोंबड्याबद्दल तो आजवर कुणाशीच बोलला नव्हता.

“लहानपणी तुम्हाला कुणी जवळ घ्यायचं?”

“जवळच असायचो की. दुकानातच.”

“तसं नाही. भीती वाटली तर कुणाकडे जायचात?”

त्याने बराच वेळ आठवून बघितलं. प्रश्न कठीण होता म्हणून नव्हे. उत्तराच्या जागी काहीच नव्हतं म्हणून. “अण्णांनी मारलं नाही कधी,” तो शेवटी म्हणाला.

“मी अण्णांवर खटला भरत नाहीये,” डॉक्टर म्हणाल्या. “हे दुखणं कुणालाही येतं. लाड झालेल्यांनाही येतं. पण ज्याच्याकडे लहानपणी माया कमी आणि पहारा जास्त, त्याच्याकडे ते पुष्कळदा लांबतं, आणि परत यायची वाटही दुखण्याला सोपी जाते. येतंच असं नाही. पण आपण ते धरून चालू. म्हणजे बरं वाटलं की गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि इथे येऊन बोलायचं. आणि दुसरं, तुम्ही झोपता कशावर?”

“चटईवर.”

“धंदा काय म्हणालात?”

तो खाली बघायला लागला. दाताच्या खुर्चीत पाय वर असतात, त्यामुळे त्याला पायाखालचं काही दिसलं नाही.

“आजपासून गादीवर झोपा,” त्या म्हणाल्या. “हे औषध समजा.”

गोळ्या घेणं सोपं होतं. गादीवर झोपणं अवघड. पहिले कित्येक दिवस तो गादीच्या अगदी काठावर झोपायचा, मधला भाग गिऱ्हाइकाला राखून ठेवल्यासारखा. अंबिका मात्र पहिल्याच दिवशी मधोमध पसरली आणि दुसऱ्या दिवशी उन्हं आल्यावर उठली. अण्णांना कळू नये म्हणून दोघं ती गादी सकाळी पुन्हा मालात लावून ठेवत.

चैत्रापर्यंत छातीतलं पाणी उतरायला लागलं. आता अडचण आली ती गल्लीची.

रोज सकाळी कुणी ना कुणी पायरीशी यायचं आणि आस्थेने विचारायचं, “शेठ, आज कसं वाटतंय?” अख्ख्या लहानपणात जे कुणी विचारलं नाही ते आता चपलावाला, किराणावाला, रसवंतीवाला, सगळे विचारत होते. कमलाकरला ते फार गोड वाटे. पण तो “बरं वाटतंय” म्हणाला की समोरच्याचं तोंड उतरायचं. तशात व्यापाऱ्यांची बैठक झाली आणि राजेश ठराव घेऊन अंबिकेकडे आला.

“वहिनी, आम्ही त्यांच्या आजाराच्या विरुद्ध नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे बरं होण्याच्या विरुद्ध नाही. पण पावसाळा तोंडावर आहे. भोंगा वाजतो तेव्हा उशीर झालेला असतो. यांना आधी कळतं. चार महिने राहू द्या असंच. दिवाळीनंतर खुशाल बरे होऊ देत.”

अंबिका रागावली की तिची महाडची भाषा गळून पडे आणि नाते गावची वर येई. “भाऊजी, तो माणूस हाय,” ती म्हणाली. “तुमचा भोंगा नाय. आणि तुमच्या दाढेचं काय झालं? ती पण दिवाळीपर्यंत ठेवलीत काय तशीच?”

राजेश खाली मान घालून गेला. पण कमलाकरने आतून सगळं ऐकलं होतं आणि त्याला ठराव पटला होता. एवढी माणसं आशेने येतात, त्यांना रोज “बरंय” म्हणून परत पाठवायचं हा कसला उद्धटपणा? तो अधूनमधून, निव्वळ सौजन्य म्हणून, “आज जरा बरं नाही” म्हणू लागला. मग खोटं बोललो असं वाटू नये म्हणून त्या दिवशीची गोळी टाळू लागला. ज्येष्ठ लागेपर्यंत खालची पायरी पुन्हा बुडाली होती, आणि या वेळी त्याने ती स्वतःच बुडवली होती. अण्णा गल्ल्याशेजारी बसून येणाऱ्याला सांगत, “विचारा, विचारा त्याला.”

एका दुपारी तो झोपून उठला आणि बाहेर आला. भर उन्हात पायरीवर इरावती उभी होती. शाळेला सुट्टी, डोक्यावर ऊन, पोर घामाने निथळलेली. रस्ता कोरडा ठणठणीत.

“इरा, काय करतेस गो?”

“शू, बाबा. अण्णा शिकवतायत.”

आतून अण्णांचा आवाज आला. “किती आलं?”

“खालची पायरी कोरडी!” इरावती ओरडली. तिचा आवाज छान, स्वच्छ, चोख होता.

“याचं काही खरं नाही,” अण्णा म्हणाले, कमलाकर आलाय हे न दिसल्याने. “आज बरा, उद्या आजारी. नातीला तयार ठेवलेली बरी. नजर तीच आहे तिची.”

समोरून एक कुत्रा तोंडात अख्खा नवा बूट धरून ऐटीत चालला होता, मागे चपलावाला धावत होता. इरावतीला हसू फुटलं. आणि हसता हसता ती एकदम थांबली आणि तिने पायाखाली बघितलं.

कमलाकर तिथेच खांबाला धरून उभा राहिला. मग आत गेला आणि त्याने गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी घेतली, तिसऱ्या दिवशीही. गुरुवारी पोलादपूरला जाऊन दाताच्या खुर्चीत सगळं कबूल केलं. डॉक्टर दीक्षा रागावल्या नाहीत. आणि बोलणंही थांबवलं नाही, याचं त्याला फार नवल वाटलं. सकाळी कुणी “कसं वाटतंय” विचारलं की तो जे असेल ते सांगू लागला. काही दिवसांनी विचारणारे कमी झाले. ते त्याला लागलं, पण त्याने ते सोसलं.

आषाढात पाऊस लागून राहिला. पोलादपूरहून फोन येत होते की सावित्री तांबडी झालीय, वर महाबळेश्वरला थांबायचं नाव नाही. एका सकाळी भोंगा वाजला. लांब, घसा बसल्यासारखा. कमलाकर तेव्हा पोहे खात होता. राजेश छत्री न घेता धावत आला.

“कमलाकरशेठ! कसं वाटतंय?”

“भूक लागलीय.”

“म्हणजे बरं वाटतंय?”

“बरं वाटतंय.”

राजेशने मागे वळून गल्लीला ओरडून सांगितलं, “काही येत नाही! शेठ पोहे खातायत!” आणि चपलावाल्याने उचललेली पेटी खाली ठेवली.

कमलाकरने बशी खाली ठेवली. आपण बरे आहोत म्हणून सगळी गल्ली बुडणार, हे त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. एक क्षण त्याला शिडी दिसली. नुसतं चढून आडवं व्हायचं, भिंतीकडे तोंड करायचं. काम झालं असतं, आणि अण्णांनी पुन्हा एकदा माझा मुलगा म्हटलं असतं.

तो पायरीवर आला आणि ओरडला, “अरे भोंगा वाजतोय!”

“पण तुम्हाला तर बरं वाटतंय!”

“मला बरं वाटतंय! नदीला नाही वाटत! माल उचला!”

राजेश हे समजून घेत क्षणभर भिजत उभा राहिला. मग पळाला. इस्माईलचा टेंपो गल्लीत शिरला आणि धावपळ उडाली.

आत अण्णा खुर्चीवर सरसावून बसले होते. “किती आलं?” त्यांनी हाक दिली.

इरावती आधीच पायरीवर पोचली होती. तिने तोंड उघडलं. कमलाकरने तिला मागून उचललं, तशीच शिडीवरून वर चढवली आणि माळ्यावर ठेवली. मग त्याने तयार मालातली सगळ्यात वरची, नवी गादी ओढली आणि माळ्यावर सरळ अंथरली.

“अहो, ती बिरवाडीच्या ऑर्डरची,” अंबिका म्हणाली.

“असू दे.”

मग तो अण्णांकडे वळला. अण्णा उशीइतकेच हलके होते. वडिलांना आपण आजवर हात लावलेला नाही, हे त्याला त्यांना उचलताना कळलं. त्यांनाही कळलं असावं. ते लाकडासारखे ताठ झाले. “आधी माल!” ते ओरडत होते. “आधी माल घे, गाढवा!” त्याने त्यांना वर नेलं आणि गादीच्या मधोमध ठेवलं. मागून अंबिका चढली. तेव्हा कुठे तो गाद्यांना लागला. इस्माईल मदतीला आला, दोघांनी जमतील तितक्या वर टाकल्या. मग इस्माईलला टेंपो काढावा लागला.

“किती आलं?” वरून अण्णा.

पायरीवर कुणी नव्हतं. त्या दुकानात इतक्या वर्षांत पहिल्यांदा, नदीचं पाणी येत असताना पायरी रिकामी होती.

“बघितलं नाही, अण्णा,” कमलाकर म्हणाला.

पाणी आवाज न करता उंबऱ्यावरून आलं. खालच्या थराने ते शांतपणे प्यायला सुरुवात केली. गाद्या फुगल्या, जड झाल्या, एक हळूच कलली. कमलाकर शिडी चढून माळ्यावर आला आणि फळ्यांवर बसून छातीतल्या पाण्याची वाट बघू लागला. तेही आलं. खालच्या पायरीला लागलं, आणि तिथे थांबलं. जाईल असं दिसत नव्हतं, पण चढतही नव्हतं.

“बाबा!” खिडकीशी इरावती ओरडली. “लवकर या!”

गल्लीतून एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची गोल फिरत चालली होती. तिच्यावर किराणावाल्याचं मांजर बसलं होतं, शेपूट पायाशी गुंडाळून, सगळ्या महाडवर नाराज. समोरच्या माळ्यावरून राजेश त्या मांजराला हात जोडत होता. कमलाकर इरावतीच्या डोक्यावरून बघत राहिला, खुर्ची कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत.

मागे अण्णा गप्प होते. हा अबोला कमलाकरच्या ओळखीचा होता, आणि गणपती अजून लांब होते. तो वळला नाही. खाली कापूस पाणी पीत होता, वर पत्र्यावर पाऊस वाजत होता.

बऱ्याच वेळाने मागून तळहाताने काहीतरी चाचपल्याचा आवाज आला. एकदा, पुन्हा एकदा.

“कमल्या,” अण्णा संशयाने म्हणाले, “ही जास्तच मऊ झालीय. कापूस बदललास काय?”

“नाही अण्णा. तोच आहे. तुम्ही घालायचात तोच.”

अण्णांनी कूस बदलून बघितली. मग दुसऱ्या अंगाने बघितली.

“अशीच असते?”

“अशीच असते.”